मल्लखांब : साधन व साधननिवड

मल्लखांब : उभ्या लाकडी खांबावर, टांगलेल्या खांबावर किंवा लोंबत्या वेतावर वा दोरीवर उड्या, पकडी, फिरक्या व आसने करण्याचा एक भारतीय व्यायामप्रकार. ‘मल्ल’ म्हणजे कुस्तीगीर व ‘खांब’ म्हणजे स्तंभ, या दोन शब्दांपासून हे नाव बनले असून ते व्यायामप्रकाराला व त्याच्या साधनाला सारखेच लावले जाते. खेळ आणि साधन यांना एकच नाव असावे, ही गोष्ट लक्षणीय आहे. मल्लखांबात साधन हेच खेळाडूचा जोडीदार असते. त्याची जाडी, निमुळतेपणा, गुळगुळीतपणा आणि स्थैर्य यांवर कोणती पकड जमेल व कोणती जमणार नाही, हे बऱ्याच अंशी ठरते. त्यामुळे या व्यायामाचा इतिहास हा त्याच्या साधनांत झालेल्या फेरबदलांचाही इतिहास होय. प्राथमिक पकडी आत्मसात करून पुढे जाऊ पाहणाऱ्या मध्यम तयारीच्या खेळाडूच्या बाबतीत साधननिवडीचा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत नोंदीत साधनांचा विकास व त्यांच्या निवडीची तत्त्वे यांचा विचार केला आहे.

साधनाची रचना : पुरलेला मल्लखांब सागवान किंवा शिसवी लाकडाचा असतो. तो जमिनीवर सु. २·२५ ते २·६० मी. उंच असून तळाशी त्याचा घेर सु. ५० ते ५५ सेंमी. असतो. वर जाताना तो क्रमाने निमुळता होत सु. ३० सेंमी. पर्यंत येतो. खांबाचे साधारणपणे तीन भाग मानतात : खालचा जाड भाग म्हणजे ‘अंग’, त्यावरील बारीक भाग म्हणजे ‘मान’ व अगदी टोकाचा गोलसर भाग म्हणजे ‘बोंड’. अंगावर मांड्यांच्या व पायांच्या पकडी होतात. मानेवर हात, बगल व पायांची गुंफण यांचा उपयोग होतो. तर बोंडावर बसून किंवा उभे राहून तोलाची आसने केली जातात.

खांबाच्या निमुळतेपणात एक सोय दडलेली आहे. खेळाडू खाली घसरू लागला, की त्याच्या पकडीखालचा घेर वाढत जातो व त्यामुळे पकड आपोआप आवळली जाते. सरळ, सारख्या जाडीच्या खांबावर ही सोय मिळत नाही. खांबाला एरंडेल तेल चोळतात. उघड्या अंगाने लाकडावर घासताना कातडी सोलवटू नये, हा त्याचा हेतू असतो. तेल फार झाले तर पकड सुटते व कमी पडले तर मांडीवर चट्टे उठतात. म्हणून तेल किती लावावे, हेही शिक्षकाच्या अनुभवाचे काम समजले जाते.

प्राचीन उल्लेख : मल्लांनी खांबावर श्रम करण्याचा जुना व स्पष्ट उल्लेख मानसोल्लास (अभिलषितार्थचिंतामणी) या संस्कृत ग्रंथात आढळतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या नावावर असलेला हा ग्रंथ इ. स. सु. ११२९–३१ च्या सुमारास रचला गेला. त्यातील मल्लविनोदाच्या प्रकरणात मल्लांचा आहार, त्यांच्या प्रती व त्यांचे व्यायाम यांचे वर्णन असून व्यायामांमध्ये वजन उचलण्याचा भारश्रम, चालण्या-धावण्याचा भ्रमणश्रम, पाण्यातील सलिलश्रम यांच्या जोडीने ‘स्तंभश्रम’ सांगितला आहे. कल्याणी म्हणजे आजचे कर्नाटकातील बसवकल्याण. ते सोलापूरच्या पूर्वेस असून सोलापूरचा परिसर त्या काळी चालुक्यांच्या सत्तेखाली होता. खांबावरील श्रमाचा हा लेखी पुरावा अशा रीतीने सोलापूरच्या शेजारच्या राजधानीतून आलेला आहे.

मानसोल्लासातील आणखी एक गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्यात मल्लांची प्रतवारी केलेली असून ज्येष्ठिक, अंतर्ज्येष्ठिक व गोवल अशा संज्ञा योजल्या आहेत. उमेदवार मल्लांसाठीही वेगळी नावे दिली आहेत. म्हणजे अव्वल मल्ल आणि नवशिका यांच्या दरम्यानची पायरी बाराव्या शतकातील राजदरबारात स्वतंत्रपणे ओळखली जात होती आणि आहार व श्रम यांचा विचार मल्लाची प्रत पाहून केला जात होता. मात्र स्तंभश्रमात आजच्या मल्लखांबातील पकडींचे शास्त्र होते, असे म्हणता येत नाही. तो मुख्यतः कुस्तीला पूरक असा बलवर्धक श्रम होता [⟶ कुस्ती].

पेशवेकालीन पुनरुज्जीवन : आजच्या स्वरूपातील मल्लखांबाचे जनकत्व दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या (कार. १७९६–१८१८) आश्रयाला असलेले मल्लविद्याविशारद बाळंभटदादा देवधर यांच्याकडे दिले जाते. परंपरेने चालत आलेली कथा अशी : हैदराबादकडील अली व गुलाब या नावांच्या दोन नामांकित पहिलवानांनी पुण्यास येऊन पेशव्यांच्या दरबारात आव्हान दिले. तरुण बाळंभटांनी ते स्वीकारून तयारीसाठी मुदत मागून घेतली, वणीच्या सप्तशृंगी देवीच्या सान्निध्यात उपासना केली व तेथे मारुतीच्या कृपेने लाकडी खांबावरील डाव त्यांना सुचले. परत आल्यावर त्यांनी गुलाबला चीत केले व अलीने लढत टाळली. कथेतील दैवी भाग श्रद्धेचा आहे. तथापि तिच्यातून व्यवहाराचे एक सूत्र स्पष्ट होते. बलाढ्य जोडीदार रोजच्या सरावाला मिळत नसेल, तर त्याच्या जागी खांब उभा करावा व त्याच्या अंगावर पकडी घोटाव्यात, ही ती कल्पना होय. मल्लखांबाच्या भागांना ‘अंग’ व ‘मान’ ही मानवी शरीराची नावे का पडली असावीत, याचा उलगडाही या दृष्टीने होतो.

या काळात खांबाचे माप ठरविण्याची कोणतीही एक पद्धत नव्हती. हात, वीत, मूठ व बोट या शरीरमापांनीच सुताराला काम सांगण्याची रीत होती. साहजिकच तालीम बदलली, की खांबही बदलत असे. एका वस्तादाच्या हाताखाली तयार झालेला गडी दुसऱ्या तालमीत गेल्यास त्याला आपल्या पकडी नव्या खांबाशी जुळवून घ्याव्या लागत.

प्रसार : पेशवाईच्या अस्तानंतर (१८१८) बाजीराव कानपूरजवळील ब्रह्मावर्त (बिठूर) येथे राहावयास गेला. त्याच्याबरोबर मल्लविद्येची परंपराही उत्तरेत गेली. नानासाहेब पेशवे, तात्या टोपे व झाशीची राणी लक्ष्मीबाई यांनी तेथे मल्लखांबाचे शिक्षण घेतले, अशी परंपरा सांगते. काशी येथेही मराठी मल्लांनी आखाडा चालविला. पश्चिमेकडे बडोदे संस्थानात या विद्येला आश्रय लाभला. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेल्या व्यायाम ज्ञानकोशाच्या दहा खंडांत (१९३६–४९) मल्लखांबाचे विस्तृत विवेचन झाले. तोपर्यंत मुख्यतः तोंडी चालत आलेली पकडींची नावे व त्यांचा क्रम या कोशामुळे ग्रंथबद्ध झाला. विदर्भात अमरावती येथे १९१४ मध्ये स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने मल्लखांबाच्या शिक्षणाला संस्थात्मक रूप दिले. या मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन येथे ऑलिंपिक सामन्यांच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली.

दरबार व आखाडा यांतून शाळा व व्यायामशाळा यांत आल्यावर मल्लखांबाचा विद्यार्थी बदलला. पूर्वी खांबावर चढणारा गडी बहुधा कुस्तीत मुरलेला तरुण असे. आता आठ-दहा वर्षांची मुले खांबाला भिडू लागली. साधन मात्र पुष्कळ काळ प्रौढ मल्लाच्याच अंगाचे राहिले. साधननिवडीचा आधुनिक प्रश्न येथून उद्‌भवतो.

साधनांचे प्रकार : काळाच्या ओघात मूळ पुरलेल्या खांबापासून अनेक प्रकार निघाले. त्यांपैकी प्रमुख पुढीलप्रमाणे होत.

(१) पुरलेला मल्लखांब हा पायाभूत प्रकार असून उडी, अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, उतरती, सलाम्या, ताजवे व आसने हे गट त्यावर शिकविले जातात. (२) टांगता मल्लखांब आखूड व बारीक असून तो साखळी व आकड्याने अधांतरी टांगलेला असतो. तो स्वतःभोवती फिरतो व झुलतोही. त्यावरील खेळाडूला आपली हालचाल आवरून खांबही शांत ठेवावा लागतो. (३) निराधार मल्लखांबात खांब जमिनीत न पुरता पाटावर उभा करतात व पाटाखाली बाटल्या ठेवतात. तोलाची ही कसोटी मुख्यतः प्रात्यक्षिकापुरती आहे. शस्त्रे किंवा पेटते पलिते बांधलेले खांबही त्याच वर्गात मोडतात. (४) वेताच्या मल्लखांबात वरून लोंबणाऱ्या लांब व लवचिक वेतावर पकडी करीत. पुरेशा लांबीचा व भरवशाचा वेत मिळेनासा झाल्यावर त्याची जागा दोरीने घेतली. (५) दोरीचा मल्लखांब सुती दोरीचा असून दोरीची जाडी सु. १ ते २ सेंमी. असते. दोरी पायाचा अंगठा व त्याशेजारचे बोट यांच्या चिमटीत धरून वर चढतात आणि तिला गाठ न मारता केवळ वेढे देऊन आसने करतात. स्त्रियांच्या स्पर्धांत हाच प्रकार दीर्घकाळ प्रमुख राहिला. पुढे मुलीही पुरलेल्या खांबावर उतरू लागल्या.

वेताकडून दोरीकडे झालेला बदल केवळ टंचाईमुळे घडून आला. पण त्याचे परिणाम दूरगामी ठरले. वेत ताठ असल्याने त्यावरील पकडी काहीशा खांबासारख्या राहत. दोरी शरीराच्या वळणाप्रमाणे वळते. त्यामुळे वेढ्यांची नवी आसने शक्य झाली आणि कमी खर्चात, कमी जागेत व लहान वयात शिकता येईल असे साधन शाळांना मिळाले.

प्रमाणीकरण : १९५८ मध्ये दिल्ली येथे राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धांच्या वेळी मल्लखांबाचा स्पर्धात्मक पातळीवर प्रवेश झाला. १९६२ मध्ये ग्वाल्हेर येथे जिम्नॅस्टिक्सच्याच व्यासपीठावर राष्ट्रीय पातळीवरील मल्लखांब स्पर्धा झाली. १९८१ मध्ये उज्जैन येथे स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा भरून भारतीय मल्लखांब महासंघाचे कार्य सुरू झाले. २०१३ मध्ये मध्य प्रदेशाने मल्लखांबास राज्यक्रीडेचा दर्जा दिला. २०१९ मध्ये मुंबईतील शिवाजी पार्क येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली. २०२२ मध्ये गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत मल्लखांबाचा प्रथमच समावेश करण्यात आला.

स्पर्धा आल्या, तसे साधनाचे माप ठरविणे भाग पडले. पुण्याचा व उज्जैनचा खेळाडू एकाच खांबावर उतरणार असेल, तर उंची, घेर, मान व बोंड यांची मापे सर्वत्र सारखी हवीत. वीत आणि मूठ यांची जागा सेंटिमीटरने घेतली. पुरुषांच्या स्पर्धांत पुरलेला, टांगता व दोरीचा हे तीन प्रकार स्थिर झाले. या प्रमाणीकरणामुळे गुणदान न्याय्य झाले व खेळ प्रांतोप्रांती पसरला. त्याची दुसरी बाजू अशी, की स्पर्धेचे माप तेच सरावाचे माप, अशी समजूत रूढ होण्याचा धोका निर्माण झाला. स्पर्धेचा खांब हे शेवटचे ठिकाण आहे. तेथवर पोहोचण्याच्या वाटेवरील खांब वेगळे असू शकतात, हे तत्त्व जुन्या वस्तादांना अनुभवाने ठाऊक होते.

साधननिवडीची तत्त्वे : खांबावर शरीर टिकते ते घर्षणाने, आणि घर्षण मिळते ते पकडीच्या दाबाने. साध्या अढीत डोके खाली व पाय वर असतात आणि मांड्या खांबाभोवती एकमेकींवर आवळलेल्या असतात. मांड्या व पाय यांनी खांबाला जितका अधिक वेढा बसेल, तितका कमी जोर लावून तोच भार पेलता येतो. प्रौढ खेळाडूच्या मांड्यांना ५५ सेंमी. घेराचा वेढा सहज बसतो. नऊ वर्षांच्या मुलाच्या मांड्यांना तो बसत नाही. पाय एकमेकांवर येत नाहीत, दाब अपुरा पडतो आणि भार हातांवर व खांद्यांवर जातो. असा मुलगा अढी चुकवतो, तेव्हा तो आळशी किंवा भित्रा आहे असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरते. पुष्कळदा दोष खांबाच्या घेराचा असतो.

नवशिक्यासाठी कमी घेराचा व कमी उंचीचा खांब योग्य होय. त्यावर साधी उडी, सलामी, साधी अढी व सावकाश उतरणे यांचा पाया घातला जातो. उंची कमी असल्याने पडण्याची भीती राहत नाही व मूल डोके खाली करण्यास धजते. उलटे होण्याची भीती एकदा मोडली, की पुढील शिक्षण पुष्कळ सुलभ होते.

खरा पेच मध्यम टप्प्यावर निर्माण होतो. वर्ष-दोन वर्षांच्या सरावाने अढी, तेढी, बगली व दसरंग जमू लागलेला विद्यार्थी लहान खांबावर अडखळत नाही. त्याला पुढचे साधन हवे असते आणि त्याच्यापुढे तीन वाटा असतात : अधिक घेराचा पुरलेला खांब, दोरी किंवा टांगता खांब. या वयात टांगत्या खांबाचे आकर्षण सर्वांत अधिक असते, कारण प्रेक्षकांची दाद त्याला मिळते. परंतु टांगता खांब विद्यार्थ्याचे दोष झाकत नाही व सुधारतही नाही. तो ते वाढवून दाखवितो. पुरलेल्या खांबावर पकड घेताना दिलेला थोडासा हिसका दिसून येत नाही. टांगत्या खांबावर त्याच हिसक्याने खांब फिरतो, पुढची पकड चुकते व पडण्याचा संभव वाढतो. उलट, लहान खांबावरच वर्षानुवर्षे राहणाऱ्या विद्यार्थ्याची पकड बारीक घेराच्या सवयीची होते व पूर्ण मापाचा खांब समोर आल्यावर त्याला पुष्कळसे नव्याने शिकावे लागते. घाई व दिरंगाई हे दोन्ही दोष या टप्प्यावर सारखेच हानिकारक आहेत.

म्हणून मध्यम तयारीच्या खेळाडूसाठी साधन बदलण्यापूर्वी पुढील कसोट्या लावणे इष्ट होय. प्रत्येक मूलभूत पकड उजव्या व डाव्या अशा दोन्ही अंगांनी येते काय, हे प्रथम पाहावे. एका अंगाचाच सराव झालेला असेल, तर जाड खांबावर तो उणेपणा लगेच उघड होतो. दुसरी कसोटी उतरण्याची. चढणे उमेदीने साधते; उतरणे मात्र ताब्याशिवाय साधत नाही. खांबावरून थांबत थांबत, आवाज न करता व इच्छेप्रमाणे मध्येच स्थिर राहून जो उतरतो, त्याच्या पकडीला पुढचा घेर पेलण्याची ताकद आली असे समजावे. तिसरी कसोटी श्वासाची. आसनाच्या अंतिम अवस्थेत श्वास रोखून धरणारा विद्यार्थी अद्याप जोराने टिकून असतो. संथ श्वास घेणारा तोलाने टिकलेला असतो. चौथी कसोटी थकव्यानंतरची. सरावाच्या आरंभी पकड चांगली असणे हे पुरेसे नसून शेवटच्या फेरीतही ती तशीच राहिली पाहिजे.

या कसोट्यांना उतरलेल्या विद्यार्थ्यास प्रथम किंचित अधिक घेराच्या पुरलेल्या खांबावर न्यावे आणि त्याच वेळी दोरीची ओळख करून द्यावी. जाड खांब मांड्यांची व खांद्यांची ताकद वाढवितो. दोरी पायाच्या बोटांची चिमटी, वेढ्याची अचूकता व संयम शिकविते. दोहोंचा सराव काही काळ समांतर झाल्यावर टांगता खांब द्यावा. आजच्या कौशल्यापेक्षा एकच पायरी पुढे असलेले साधन सर्वांत उपकारक ठरते. अव्वल खेळाडूच्या साधनाचे अनुकरण करण्याने ती पायरी चुकते.

खांबाची पारख : नवा खांब घेताना लाकूड पुरते वाळलेले, सरळ रेषांचे व गाठी नसलेले पाहून घ्यावे. ओल्या लाकडाला पुढे चिरा पडतात. चिरेच्या कडेने मांडी व पोटरी फाटते. घेर एकाच ठिकाणी न मोजता तळ, मध्य व मान अशा तिन्ही ठिकाणी मोजावा आणि निमुळतेपणा एकसारखा आहे की मध्येच फुगवटा आहे, हे तळहात फिरवून पाहावे. मान व बोंड यांच्या सांध्यापाशी धारदार कंगोरा राहू देऊ नये. खांब पुरताना त्याचा तळ पुरेसा खोल जाऊन भोवतीची भर घट्ट धुमसलेली असावी. खेळाडूच्या भाराने हलणारा पुरलेला खांब टांगत्या खांबाहून अधिक धोक्याचा असतो, कारण खेळाडू त्याच्या स्थैर्यावर विसंबलेला असतो. खांबाभोवती मऊ माती किंवा गाद्या असणे अवश्य आहे. दोरी सुती, सारख्या पिळाची व धागे न सुटलेली असावी. काथ्याची दोरी कातडीला सोसवत नाही. टांगत्या खांबाचा आकडा व साखळी यांची तपासणी सरावापूर्वी रोज करावी.

अन्य साधनांशी तुलना : शिकणाऱ्याच्या वाढीबरोबर साधन बदलण्याचे तत्त्व अन्यत्रही आढळते. बर्फावरून घसरण्याच्या स्की या साधनाची लांबी निवडताना उभ्या माणसाने हात वर करावा व बोटांपर्यंत पोहोचेल इतकी स्की घ्यावी, असा दंडक दीर्घकाळ रूढ होता. तो उंचीवर आधारलेला होता. कौशल्याला त्यात वाव नव्हता. १९५० मध्ये हॉवर्ड हेड या अमेरिकन तंत्रज्ञाने धातू व लाकूड यांच्या थरांची स्की प्रचारात आणली आणि १९९३ मध्ये एलान या स्लोव्हेनियन उत्पादकाने टोकांना रुंद व मध्ये अरुंद अशी नवी स्की बाजारात आणली. तिच्यामुळे आखूड स्कीवरही वळणे सहज घेता येऊ लागली. तेव्हापासून वजन, कौशल्य व बर्फाचा प्रकार पाहून स्की निवडण्याची रीत दृढ झाली. काश्मीरमधील गुलमर्ग येथे १९२७ पासून या खेळाची परंपरा आहे. तेथेही सुधारणा होत असलेल्या खेळाडूला अतिशय ताठ व लांब स्की दिल्यास त्याचे वळण बिघडते व फार मऊ स्की दिल्यास वेगात ती थरथरते, हा अनुभव येतो. मात्र एक मोठा भेद ध्यानात घेतला पाहिजे. स्की ही व्यक्तीची मालमत्ता असते व तिची निवड बहुधा शिकणारा स्वतः करतो. मल्लखांब हा तालमीचा किंवा शाळेचा असतो. एकाच खांबावर लहान-मोठे, लठ्ठ-सडपातळ असे सर्वजण चढतात. त्यामुळे येथे निवड करणारा शिक्षक असतो आणि त्याच्या निवडीचे परिणाम दुसऱ्याच्या शरीरावर होतात. ही जबाबदारी स्की विकणाऱ्याच्या जबाबदारीहून मोठी आहे.

महाराष्ट्रीय व्यायामपरंपरेत क्रमाक्रमाने साधन वाढविण्याचे तत्त्व अपरिचित नव्हते. मुद्‌गलांच्या जोड्या हलक्यापासून जडापर्यंत निरनिराळ्या वजनांच्या ठेवल्या जात. लेझीमही जड व हलकी अशा दोन्ही प्रकारची असे. ताकदीसाठी जड व ठेक्याच्या सामुदायिक कवायतीसाठी हलकी [⟶ लेझीम]. मल्लखांबाच्या बाबतीत मात्र, खांब एकदा पुरला की तो बदलणे कष्टाचे व खर्चाचे असल्यामुळे, हे तत्त्व व्यवहारात मागे पडले.

सोलापूर परिसर : सोलापुरात अंगमेहनतीची व तोलाची परंपरा सार्वजनिक जीवनात मिसळलेली आहे. गणेशोत्सवाच्या मिरवणुकांतील लेझीमपथकांसाठी हे शहर प्रसिद्ध आहे. मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या श्री सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात उंच नंदीध्वजांची मिरवणूक निघते. उंच काठी उभी तोलून धरत चालण्याचे हे काम ऐनवेळी साधणारे नसल्याने त्यासाठी आधीपासून सराव केला जातो. नंदीध्वजाचा हेतू धार्मिक असून त्याचा मल्लखांबाशी ऐतिहासिक संबंध नाही. तथापि खऱ्या साधनाला हात लावण्यापूर्वी सरावाने अंग तयार करावे, ही शिस्त दोहोंत समान आहे.

मल्लखांबाच्या दृष्टीने सोलापूरचे हवामान ध्यानात घेण्याजोगे आहे. उन्हाळ्यात येथील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते व हवा कोरडी असते. उघड्यावर पुरलेल्या खांबाचे लाकूड अशा हवेत आकसते व चिरते. लावलेले तेल लवकर शोषले जाते. दुपारी लाकूड अंगाला चटका देण्याइतके तापते. म्हणून अवर्षणप्रवण पठारावरील शाळांनी खांब छपराखाली किंवा दाट सावलीत पुरावा, सराव सकाळी अथवा सायंकाळी घ्यावा आणि उन्हाळ्याच्या सुटीत खांबाला तेल देऊन तो गोणपाटाने झाकून ठेवावा. ज्या शाळेला एकाहून अधिक खांब परवडत नाहीत, तिने तो एक खांब प्रौढ स्पर्धकाच्या मापाचा घेण्याऐवजी आपल्या बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या मापाचा घ्यावा व त्याच्या जोडीला एक दोरी टांगावी. स्पर्धेच्या मापाचा खांब तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी सामायिक ठेवता येतो.

समारोप : स्तंभश्रमापासून जागतिक स्पर्धेपर्यंतच्या सु. नऊशे वर्षांत खांबाचा हेतू दोनदा बदलला. प्रथम तो मल्लाच्या बलवर्धनाचे साधन होता. नंतर तो जोडीदाराचा पर्याय झाला आणि अखेरीस तो स्वतःच क्रीडेचा विषय बनला. या प्रत्येक अवस्थेत खांबाचे माप कोणाच्या शरीरावरून ठरते, हा प्रश्न मुळाशी होता. दरबारात ते अव्वल मल्लावरून ठरले, तालमीत वस्तादाच्या विती-मुठींवरून व स्पर्धेत नियमपुस्तकावरून. शिक्षणाच्या क्षेत्रात ते शिकणाऱ्या मुलाच्या मांडीवरून ठरले पाहिजे. अव्वल खेळाडू कोणत्याही खांबावर आपली वाट काढतो व अगदी नवखा विद्यार्थी पहिल्या उडीतच रमलेला असतो. खेळ सुटतो तो बहुधा मधल्या टप्प्यावरील मुलांचा. साधनातील दोष स्वतःचा समजून ती खांबापासून दूर जातात. त्यांच्या अंगाला साजेसा खांब वेळेवर उभा करणे, हे मल्लखांबाच्या शिक्षकाचे पहिले कर्तव्य होय.